तात्या विंचू आणि मारबत

1993 साली अमेरिकेत 'पपेट मास्टर' या भयपटमालिकेचा चौथा भाग आला. तो थिएटरात गेलाच नाही, थेट व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात गेला. त्याच साली महाराष्ट्रात महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' लागला आणि तात्या विंचू नावाचा एक बाहुला मराठी घरांत कायमचा मुक्कामाला आला. अमेरिकेतली ती मालिका पुढे डझनाच्या वर गेली. तात्याला दुसऱ्या भागासाठी 20 वर्षं थांबावं लागलं. या 20 वर्षांत तो कुणाच्या विस्मरणात मात्र गेला नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत एखाद्या पोरानं डोळे वटारून, आवाज चिरका करून तात्याचा 'ओम फट् स्वाहा' हा मंत्र म्हटला, की बाकीची पोरं पळत सुटायची. पळता पळता हसायचीही.

भीती आणि हसू असं एकाच श्वासात कसं येतं, याचा शोध घ्यायला तिरोडा ही चांगली जागा आहे.

तिरोडा हे नागपूर-गोंदिया लोहमार्गावरचं तालुक्याचं गाव. एका अंगाला वैनगंगा, चहूकडे धानाच्या बांध्या, तालुक्यात बोदलकसा आणि चोरखमारा यांसारखे तलाव आणि आता 3300 मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प. गोंदिया जिल्हा 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण दोन्हीकडची बोली, सण आणि नाटकाचं वेड एकच. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इथल्या बाजारात मराठी, हिंदी, पोवारी आणि झाडीबोली एकाच दुकानाच्या ओट्यावर भेटतात. 'झपाटलेला' 1995 मध्ये हिंदीत डब होऊन 'खिलौना बना खलनायक' या नावानं आला होता. या पट्ट्यात तात्याला दोन्ही भाषांत ओळखणारी माणसं भेटतात, ती म्हणूनच.

चित्रपटाची गोष्ट तशी उसनी आहे, आणि ते उघडच आहे. 1988 मध्ये टॉम हॉलंड यांनी दिग्दर्शित केलेला 'चाइल्ड्स प्ले' आला. मूळ कथा डॉन मॅन्सिनी यांची. चार्ल्स ली रे हा खुनी पोलिसांच्या गोळीनं मरायला टेकतो आणि मंत्र म्हणून आपला जीव एका खेळण्यातल्या बाहुल्यात घालतो. तो बाहुला म्हणजे चकी. ज्या माणसाला त्यानं आपलं रहस्य पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच शरीरात त्याला शिरता येतं, आणि तो माणूस निघतो एक लहान मुलगा. कोठारे यांनी हा सांगाडा उचलला आणि श्रीरंगपूर नावाच्या गावात आणून ठेवला. गुंड तात्या विंचू बाबा चमत्कारकडून मंत्र मिळवतो, इन्स्पेक्टर महेश जाधवच्या गोळीला बळी पडताना जीव बाहुल्यात घालतो, आणि तो बाहुला लक्ष्या बोळके या भाबड्या तरुणाच्या हाती लागतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या. हिंदीत पुढे 1996 मध्ये लॉरेन्स डिसूझा यांचा 'पापी गुडिया' आला. करिश्मा कपूर त्यात होती, पण तो आला कधी आणि गेला कधी हे कळलंही नाही.

सांगाडा एकच असताना एक विसरला जातो आणि दुसरा घरचा होऊन बसतो. फरक कुठे पडला?

पहिला फरक लक्ष्याचा. अमेरिकेत बाहुला ज्याच्या हाती पडतो तो सहा वर्षांचा मुलगा आहे. बाहुला बोलतो हे त्यानं सांगितलं तर कुणी ऐकत नाही, कारण तो लहान आहे. मराठीत बाहुला ज्याच्या हाती पडतो तो स्वतःच बोलक्या बाहुल्यांचा कलाकार व्हायला निघालेला माणूस आहे. बाहुलीला आवाज देणं ही त्याची हौस, आणि हातातली बाहुली आपणहून बोलायला लागली तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? लोक म्हणणार, आवाज तूच काढतोयस. मूळ कथेत नसलेली ही कल्पना फार हुशारीची होती. शब्दभ्रमाची कला ज्या भ्रमावर उभी असते, तो भ्रमच लक्ष्याच्या गळ्याला लागतो.

दुसरा फरक रामदास पाध्ये यांचा, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी अर्धवटराव हा बोलका बाहुला घडवला, त्याला आता शंभरहून अधिक वर्षं झाली. मराठी माणसाला बोलणारा बाहुला म्हणजे काय हे सिनेमानं शिकवलं नाही, अर्धवटरावानं शिकवलं. रामदास पाध्ये शिक्षणानं यंत्र अभियंता. 1967 पासून ते रंगमंचावर बाहुल्या बोलत्या करत आले. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला खळखळून हसणारा ससा त्यांचाच. 'झपाटलेला'तला बाहुला त्यांच्या हातातला. म्हणजे तात्या विंचूला वरून कुणी मंत्रानं जीव दिला असेल, पण खालून तो अर्धवटरावाच्या घराण्यातला होता.

बोलक्या बाहुलीचं काम बाहेरून सोपं दिसतं. धड पोकळ असतं. कलाकाराचा हात पाठीतून आत जातो, मान एका दांडीवर फिरते, आणि त्या दांडीवरच्या कळा दाबल्या की तोंड उघडतं, डोळे वळतात, भुवया वर जातात. ओठ न हलवता बोलायचं असल्यानं प, फ, ब, भ, म या ओठांच्या अक्षरांपाशी कलाकार अडतो. ती अक्षरं जिभेनं काढून ऐकणाऱ्याला फसवावं लागतं. तात्याच्या मंत्रात 'ओम' आणि 'फट्' हे दोन्ही नेमके त्याच जातीचे. सिनेमात ही अडचण नव्हती, कारण आवाज दिलीप प्रभावळकरांचा होता आणि तो वेगळा ध्वनिमुद्रित करता येत होता. सिनेमात वेगळी अडचण असते: कॅमेरा जवळ येतो. रंगमंचावर वीस फुटांवरून खपून जाणारी एक चुकीची मान कॅमेऱ्यात खून करते. बाहुल्यानं नटाकडे बघितलं पाहिजे, म्हणजे नटाच्या नाकाकडे किंवा खांद्याकडे नव्हे, डोळ्यांत. 'झपाटलेला'त तात्या लक्ष्याच्या डोळ्यांत बघतो, आणि भीती त्या क्षणाला वाटते. सुरा नंतर येतो.

प्रभावळकरांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1991 मध्ये 'चौकट राजा'त त्यांनी नंदू केला होता, शरीरानं वाढलेला पण मनानं लहान राहिलेला. महाराष्ट्र त्या नंदूसाठी रडला. दोनच वर्षांनी तोच नट तात्या विंचू होऊन आला. माणसाच्या रूपात थोडा वेळ आणि मग जवळजवळ सगळा चित्रपट केवळ आवाजात. त्या आवाजात धमकी आहे, हट्ट आहे, आणि बारकाईनं ऐकलं तर एक अपमानही आहे: मोठा गुंड होतो, आता मला कुणीही काखोटीला मारून उचलतं. खलनायकाला हा अपमान दिल्यामुळे प्रेक्षकाला त्याची कीव करता आली. कीव आली की हसूही येतं.

हा बाहुला इथे रुजला कसा, हे कळायला आता मारबतीकडे वळायला हवं.

पूर्व विदर्भात पोळा संपला की दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, मारबत निघते. नागपुरात तिचं रूप प्रचंड आहे. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं सांगतात. दोघींची मिरवणूक इतवारीच्या गल्ल्यांतून जाते, सोबत बडगे असतात. बडगे म्हणजे त्या त्या वर्षीच्या पीडांचे पुतळे: कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी एखादा रोग. भंडारा-गोंदियाकडच्या गावांत एवढा थाट नसतो. तिथे मारबत लहान असते, कुठे मातीची, कुठे पळसाच्या फांद्यांची. पण काम तेच. रोगराई, खोकला, ढेकूण, डास, इडापिडा, सगळं तिच्या अंगावर घालायचं, ओरडत गावाच्या शिवेबाहेर न्यायचं आणि तिथे टाकायचं किंवा जाळायचं. कुणी तिला पूतना मानतं. नागपुरातल्या काळ्या मारबतीचा संबंध इंग्रजांना फितूर झालेल्या भोसले घराण्यातल्या बांकाबाईशी जोडतात. लहान मुलांना यातलं काहीच ठाऊक नसतं. त्यांना एवढंच कळतं, की जे काही वाईट आहे ते आज या बाहुलीत आहे आणि आपण ते बाहेर काढतोय.

याच भागात बाहुलीचे आणखीही उपयोग आहेत. नवं घर बांधायला काढलं की माळ्यावर काळी बाहुली टांगतात. धान वाहणाऱ्या ट्रकच्या पुढ्यात ती लोंबकळत असते. भादवा-आश्विनात भुलाबाई बसते तेव्हा मातीचे भुलाबाई-भुलोजी घरात पाहुणे असतात. शेजारच्या छत्तीसगडात अक्षय्य तृतीयेला पोरी पुतरा-पुतरीचं लग्न लावतात, वाजतगाजत. बाहुलीवर काहीतरी सोपवता येतं, ही समजूत इथे हवेतच आहे. नजर सोपवा, रोग सोपवा, लग्नाची हौस सोपवा. तात्या विंचूची गोष्ट अमेरिकेतून आली असली तरी ती इथे उतरायला जमीन आधीच नांगरलेली होती.

आणि मारबत दरवर्षी निघते. गेल्या वर्षी जाळली म्हणून यंदा नको, असं कुणी म्हणत नाही. रोगराई परत आलेली असते, डास परत आलेले असतात, म्हणून मारबतही परत घडवावी लागते. बाहुल्यांच्या भयपटांना एकामागून एक भाग का फुटतात, याचं उत्तर निर्मात्याच्या लोभात शोधण्याची सवय आहे. लोभ असतोच. पण प्रेक्षक का जातो? त्याची भीती मागच्या भागात जळून गेली असती तर तो पुन्हा पैसे देऊन कशाला आला असता? तीही परत आलेली असते, आणि तिला पुन्हा एक शरीर हवं असतं.

'पपेट मास्टर'ची मालिका या दृष्टीनं बघण्यासारखी आहे. चार्ल्स बँड यांच्या फुल मून कंपनीनं 1989 मध्ये डेव्हिड श्मोलर यांच्याकडून पहिला भाग करून घेतला. आंद्रे तूलोन नावाचा बाहुल्या करणारा म्हातारा, त्याला अवगत असलेली जीव घालण्याची विद्या, आणि त्याच्या हातच्या पाच-सहा विचित्र बाहुल्या: एकाच्या हाताला सुरी आणि दुसऱ्या हाताला आकडा, एकाच्या डोक्यावर छिद्र पाडायचं यंत्र, एकाचं डोकं मुठीएवढं आणि हात माणसाचे, एका बाईच्या तोंडातून जळवा पडतात. पैसे बेताचे. पण डेव्हिड अ‍ॅलन हा कारागीर त्यांच्याकडे होता. तो बाहुलीला एकेक चौकटीपुरता हलवून चित्रण करायचा. पडद्यावर एक सेकंद सरकतो तेव्हा 24 चौकटी सरकतात, म्हणजे बाहुलीनं दोन पावलं टाकायची तर कित्येकदा हात लावून ती बोटभर बोटभर पुढे सरकवायची आणि दर वेळी श्वास रोखून मागे व्हायचं. इतर वेळी काठ्या, दोऱ्या आणि चौकटीच्या खाली लपलेले हात. 1990 चा दुसरा भाग अ‍ॅलन यांनीच दिग्दर्शित केला.

मालिकेचा कळस म्हणजे 1991 चा तिसरा भाग. डेव्हिड डिकोटो यांनी तो केला. गोष्ट दुसऱ्या महायुद्धातल्या बर्लिनमध्ये नेली. तूलोन इथे भला माणूस आहे, गाय रॉल्फ यांनी तो केला. नाझी त्याच्या बायकोला मारतात. तिचा जीव तो एका बाहुलीत ठेवतो, आणि पहिल्या भागात किळस आणणारी ती जळवांची बाहुली म्हणजे हीच, त्याची एल्सा, हे प्रेक्षकाला इथे कळतं. बाकीच्या बाहुल्यांतही नाझींनी मारलेले त्याचे मित्र आहेत. त्या खून करतात, पण आता प्रेक्षक त्यांच्या बाजूचा झालेला असतो. स्वस्तातल्या, थेट कॅसेटवर गेलेल्या भयपटाच्या तिसऱ्या भागानं मागच्या दोन भागांचा अर्थ उलटा करून दाखवावा, ही काही लहान कामगिरी नव्हे. मोठ्या पैशांच्या कित्येक मालिकांना ती साधलेली नाही.

मग उतार लागला. चौथा आणि पाचवा भाग एकत्रच चित्रित झाले. 1994 च्या पाचव्याला शेवटचा अध्याय असं नावच दिलं होतं, तरी पुढे भाग येतच राहिले. 2003 मध्ये आलेला भाग तर बहुतांश आधीच्या भागांतली दृश्यं जोडून केला. तिथे बाहुल्या दिसतात, पण त्या जुन्या असतात. नवीन मारबत न घडवता गेल्या वर्षीच्या मारबतीचा फोटो मिरवल्यासारखं ते झालं. बाहुलीच्या मालिकेत पुनरावृत्ती चालते, गोष्ट तीच चालते, खूनही तेच चालतात. पण हात नवा लागतो. तो काढून घेतला की उरतं ते फक्त लाकूड, आणि लाकडाला कुणी भीत नाही.

चकीचं नशीब वेगळं निघालं, कारण त्याचा जन्मदाता मॅन्सिनी त्याला सोडून गेला नाही. मूळ मालिकेत दर वेळी पटकथेत त्याचा हात, आवाज ब्रॅड डूरिफ यांचा. 2004 पासून दिग्दर्शनही त्यानं हाती घेतलं. 2013 मध्ये 'कर्स ऑफ चकी' आला तेव्हा तोही थेट घरगुती पडद्यासाठीच होता, कमी पैशांत, बहुतेक सगळा एकाच घरात घडणारा. आणि तो चांगला होता.

त्याच 2013 च्या जूनमध्ये 'झपाटलेला 2' आला. थ्रीडीत. कोठारे यांना तंत्राचं वेड पहिल्यापासून. 1990 च्या 'धडाकेबाज'मध्ये त्यांनी मराठीला सिनेमास्कोप दाखवला होता. आता मराठी बाहुला थेट प्रेक्षकाच्या मांडीवर उडी मारणार होता. गोष्ट पुढच्या पिढीवर आली: लक्ष्याचा मुलगा आदित्य, भूमिकेत कोठारे यांचे चिरंजीव आदिनाथ. सोबत सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी, मकरंद अनासपुरे. आवाज पुन्हा प्रभावळकरांचा आणि तात्या पुन्हा पाध्ये यांच्या घरचा. लक्ष्मीकांत बेर्डे मात्र नव्हते. 16 डिसेंबर 2004 रोजी ते गेले होते.

या दुसऱ्या भागाला कमी लेखण्याची घाई करू नये. तात्या त्यात जिवंत आहे, कारण त्याचा आवाज आणि त्याचा हात जागेवर आहेत. उणीव भासते ती समोरच्या माणसाची. बाहुलीच्या चित्रपटात बाहुलीइतकाच महत्त्वाचा असतो तो बाहुलीला घाबरणारा. बेर्डे घाबरायचे ते सगळ्या अंगानं. गुडघे, मान, घसा, डोळे, सगळं एकदम. तो माणूस इतका मनापासून घाबरत असे, की दीड-दोन फुटांचा बाहुला त्याच्यासमोर ताडासारखा उंच वाटायचा. थ्रीडीचा चष्मा बाहुल्याला जवळ आणू शकतो, उंच करू शकत नाही. ती उंची नटाच्या भीतीतून येते.

2013 हे साल महाराष्ट्राला आणखी एका कारणासाठी लक्षात आहे. 20 ऑगस्टला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्याचा कायदा झाला. तंत्रमंत्राच्या जोरावर माणसाला छळणं, अंगात शक्ती असल्याचं सांगून फसवणं, कुणावर करणी-चेटकाचा आळ घेणं हे गुन्हे ठरले. वटहुकूम निघाला तेव्हा बाबा चमत्कार आणि तात्या विंचूच्या मंत्राला थिएटरात हसून जेमतेम अडीच महिने झाले होते.

पूर्व विदर्भात या कायद्याची गरज पुस्तकी नाही. गावात एका घरात लागोपाठ आजारपण आलं, जनावर दगावलं, पोर तापानं फणफणलं, की कुजबुज सुरू होते. ती हळूहळू एका नावापाशी येऊन थांबते. ते नाव बहुतेक वेळा एकट्या बाईचं असतं, विधवेचं, म्हातारीचं, ज्याच्या बाजूनं बोलायला कुणी नाही अशाचं. मे 2024 मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला गावकऱ्यांनी जिवंत जाळलं. अटक झालेल्यांत त्यांच्या घरचीही माणसं होती.

इथे बाहुलीचा प्रश्न करमणुकीचा राहत नाही. भीतीला बाहुलीचं शरीर मिळालं नाही, तर ती माणसाचं शरीर शोधते. मारबत जाळणारं गाव आणि माणूस जाळणारं गाव यांच्यात अंतर किती, हे ठरवणारी एकच गोष्ट आहे: आपण जाळतोय ती बाहुली आहे, ती आपणच सकाळी बनवली आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असणं. पूतना असो की बांकाबाई, मारबतीतही दोष बाईच्याच माथी आला आहे, ही गोष्टही डोळ्याआड करता येत नाही. नागपूरच्या बडग्यांनी त्यातून वाट काढली. भ्रष्टाचाराचा पुतळा निघतो तेव्हा कुणा म्हातारीकडे बोट जात नाही.

'झपाटलेला'नं नकळत हेच केलं असं म्हणायला जागा आहे. त्यानं मंत्र घेतला, ज्याच्या नुसत्या उच्चारानं माणसं थरथरत होती, आणि तो पोरांच्या खेळात टाकला. मंत्र म्हणणारा हा कुणी सर्वशक्तिमान मांत्रिक नाही, एक चिडका बाहुला आहे, त्याला लाथ मारता येते, पोत्यात घालता येतं, त्याला पाहून हसता येतं. ज्या पोरानं मधल्या सुट्टीत 'ओम फट् स्वाहा' म्हणून मित्रांना पळवलं, त्याच्यासाठी तो मंत्र पुन्हा कधीही पूर्ण ताकदीचा होणार नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाची शिबिरं वेगळी, त्यांना पर्याय नाही. पण शिबिराला न जाणाऱ्या पोरापर्यंतही तात्या पोचला होता.

पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला भीती आणि खेळ यांचं हे नातं समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे खेळ होतात, आणि वडसा-देसाईगंजच्या मंडळ्यांची नाटकं गावोगाव रात्रभर चालतात. तिकीट काढून, चादर पांघरून, पहाटेपर्यंत बसलेला हा प्रेक्षक. रंगमंचावरचं रक्त हे रंगाचं पाणी आहे, हे त्याला पहिल्या अंकापासून माहीत असतं, तरी तिसऱ्या अंकात तो हळहळतो. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, ती याच प्रेक्षकाच्या जोरावर. इथल्या पोरीबाळी आणि म्हातारेकोतारे कमी साधनांतल्या खेळाला नाक मुरडत नाहीत. पडद्यामागे माणूस आहे हे कळलं तर त्यांचा आनंद कमी होत नाही, वाढतो.

कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री देऊन त्या हातांचा गौरव झाला. एक परशुराम पिंगुळीचा, एक गडचिरोलीचा. राज्याच्या दोन टोकांना, दोन्ही ठिकाणी दिव्याच्या उजेडात, माणसानं माणसासाठी केलेलं सोंग.

तात्या विंचूच्या तिसऱ्या भागाची घोषणा झाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं लक्ष्मीकांत बेर्डे यांना पुन्हा पडद्यावर आणण्याचा मनोदय कोठारे यांनी बोलून दाखवला आहे. त्यामागचं प्रेम खरं आहे. तरीही हे पाऊल टाकण्यापूर्वी त्यांनी आपल्याच चित्रपटाची गोष्ट आठवावी. मेलेल्या माणसानं दुसऱ्या शरीरातून परत येण्याचा हट्ट धरणं, हाच तात्याचा गुन्हा होता. लक्ष्या त्याच्याशी भांडला तो आपलं शरीर आपलंच राहावं म्हणून. बेर्डे यांची भीती त्यांच्या गुडघ्यांत आणि घशात होती, ती संगणकाला चेहऱ्यावरून काढता येणार नाही. त्यांची आठवण ठेवायचीच असेल, तर त्यांच्याएवढ्याच मनापासून घाबरू शकेल असा नवा नट शोधावा. झाडीपट्टीच्या मंडळ्यांत असे नट आहेत. वडशाला येऊन एक रात्र नाटक बघितलं तरी दोन-चार सापडतील.

आणि बाहुला संगणकात घडवू नये. तो लाकडाचा, रबराचा, कापडाचा असू द्यावा, त्याच्या पाठीत खरा हात असू द्यावा, मान वळताना किंचित अडखळू द्यावी. चित्रपट पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्सपुरता न ठेवता गोंदिया, तिरोडा, तुमसर, वडसा इथंही आणावा. आणि पोस्टरवर बाहुली चालवणाऱ्यांची नावं नटांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावीत.